किल्ली जवळ असताना

९ फेब्रुवारी

दादा,

आधीच सांगते, आई ठणठणीत आहे. हे पत्र 'तसलं' नाही. नाहीतर तू पाकिटावर माझं अक्षर बघशील, टेबलावर ठेवशील, वर वर्तमानपत्र टाकशील आणि महिनाभर त्या वर्तमानपत्राला हात लावणार नाहीस. आई माझ्यापेक्षा जास्त जेवते, माझ्यापेक्षा जास्त बोलते आणि गुडघे सोडले तर तिचं काही दुखत नाही. दुकानही बरं चाललंय. बाबांच्याच बाकावर मी बसते. किल्ली हरवलेली माणसं अजूनही येऊन कुलपालाच शिव्या देतात.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. दोरखंडाच्या जुन्या कारखान्यामागे कुणाच्या तरी इमारतीचा पाया खणत होते. तिथे हाडं निघाली. एकाची नाहीत, बऱ्याच जणांची आहेत आणि एकमेकांत मिसळून गेली आहेत. वर्दीवाल्यांच्या राजवटीत नाहीशा झालेल्या माणसांसाठी चौकशी आयोग बसलाय, हे तू तिकडे वाचलं असशील. त्यांच्या कचेरीतून मला निरोप आला. मला वाटलं, कपाटाचं कुलूप अडकलं असेल, म्हणून मी हत्यारांची पेटी घेऊनच गेले. शहाणपणा बघ माझा.

वकीलबाईंनी एक प्लास्टिकची पिशवी पुढे ठेवली. "हाडांबरोबर सापडलं. तुम्ही ओळखाल असं कुणी म्हणालं," एवढंच बोलल्या. आत किल्ल्यांचा जुडगा होता, गंजून गोळा झालेला. त्यातल्या एका किल्लीच्या डोक्यावर तिरकी खाच होती. बाबा आपल्या हातच्या प्रत्येक किल्लीवर कानशीनं मारायचे तीच. लांब दांड्याची आणि रुंद दातांची किल्ली. हिच्या जोडीची अध्यक्षकाकांच्या कमरेला असते, ती मी दर आठवड्याला बघते. आपल्या प्रार्थनाघराच्या मोठ्या दाराची किल्ली आहे ती.

दार कुठलं ते मी वकीलबाईंना सांगितलं.  बाहेर येऊन जिन्यावर बसले तर शिपाई पाणी घेऊन आला.

किल्ली त्यांच्याजवळ होती, दादा. आणि नसती तरी ते कुलूप त्यांनीच केलेलं, डोळे मिटून उघडलं असतं. मग त्या दिवशी त्यांनी दार का वाजवलं? इतकी वर्षं मला वाटायचं की त्या धावपळीत किल्ली घरी राहिली असेल. आता तेवढाही आधार गेला.

हाडं ओळखायला मुलांचं रक्त लागतं. माझं दिलंय. दोघांचं असेल तर खात्री पक्की होते म्हणे. तिकडच्या कुठल्याही दवाखान्यात देता येतं, पत्ता खाली लिहिलाय. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. रक्त दे.

तुझी,
छोटी (पन्नाशीची)


२३ फेब्रुवारी

दादा,

तुझा नमुना पोचला. सोबत ओळ नाही, 'बरा आहे' नाही. तुझ्यापेक्षा तुझं रक्त बोलकं निघालं.

काल वकीलबाईंनी माझी साक्ष घेतली. मी काय सांगितलं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते. त्या आपल्यातल्या नाहीत, तेव्हा श्रीगणेशापासून सुरुवात करावी लागली. आम्ही ज्यू. गुलामीतून सुटल्याचा आमचा सण असतो. त्याच्या शेवटच्या दिवशी सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, वारलेल्यांच्या आठवणीची प्रार्थना होते. ज्यांचे आईवडील दोघंही जिवंत आहेत त्यांनी तेवढा वेळ आत थांबायचं नाही. म्हणून सगळी मुलं अंगणात जातात आणि मोठं दार लावून घेतात.

"म्हणजे मुलांची मजाच," वकीलबाई म्हणाल्या.

"मजाच," मी म्हटलं. "आरडाओरडा केला तरी कुणी रागवायला बाहेर येत नसे. सगळे रडत असायचे."

मग कारखान्याचं सांगितलं. बाबांना तिथून कुलपांचं मोठं काम आलं होतं. बाहेरून लागणारी, आतून हात न पोचणारी कुलपं. बाबांनी विचारलं, आत काय ठेवणार? त्यांनी सांगितलं, माल. पुढे एक कुलूप बिघडलं म्हणून बाबा दुरुस्तीला गेले, तर आतून खोकल्याचा आवाज आला. त्या रात्री ते जेवले नाहीत. "मालाला खोकला येत नाही," एवढंच आईला म्हणाले. ते कितीजणांकडे गेले होते ते तुला आठवतंय ना? अध्यक्षकाकांकडे गेले, कमिटीकडे गेले. सगळे म्हणाले, वाईट आहे हो, पण ती माणसं आपली नाहीत, आणि हे दिवस कसले आहेत बघताय ना. आपण मूठभर लोक, आपण कशाला आगीत हात घालायचा.

मग सणाच्या शेवटच्या दिवशी पहाटे बाबा घरातून गेले आणि त्यांनी आपणच केलेली कुलपं उघडून आत कोंडलेल्या मजुरांना बाहेर काढलं. पुढे कित्येक वर्षं आपल्याकडच्या काही म्हाताऱ्यांना सगळ्यात जास्त राग कशाचा होता, तर काम वर्ज्य असलेल्या सणाच्या दिवशी हत्याराला हात लावला याचा. वकीलबाईंना हे खोटं वाटलं. मी म्हटलं, तुम्हाला आमचे म्हातारे माहीत नाहीत.

मी पाहिलं ते एवढंच. आपण अंगणातल्या हातपंपाजवळ खेळत होतो. फाटकातून बाबा आले. अंगात रोजचा कामाचा सदरा होता, नवे कपडे नव्हते. फाटकाबाहेर बरीच माणसं भिंतीला चिकटून उभी होती. बाबांनी जाऊन दार वाजवलं. टक टक, थांबून टक. घरी वाजवायचे तसं. ते थांबले आणि पुन्हा वाजवलं. आत प्रार्थना चालू होती, ती थांबली. एवढी शांतता झाली की मला वाटलं, आता उघडतील. बाबांनी तिसऱ्यांदा वाजवलं आणि मग आतली प्रार्थना पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा मोठ्यानं.

बाबा आपल्याकडे आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला तेलाचा आणि लोखंडाचा वास होता. "छोटे, मी सांगेपर्यंत आत जायचं नाही. पंपामागे थांब," म्हणाले. तुझ्याशी हळू आवाजात काहीतरी बोलले ते मला ऐकू आलं नाही. मग ते गेले. तू भिंतीवर चढलास. मीही चढायला लागले तर तू मला लाथ मारलीस. खरंच मारलीस, खांद्यावर. मी रडत पंपामागे बसले, त्यामुळे गल्लीत काय झालं ते मी पाहिलेलं नाही.

"मग तुम्ही आत केव्हा गेलात?" वकीलबाईंनी विचारलं.

एरवी मी जातेच. पण त्या प्रार्थनेला आजपर्यंत गेलेले नाही, असं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. बाबांनी अजून सांगितलेलं नाही ना. वर्षातून जेव्हा जेव्हा ती प्रार्थना होते, तेव्हा मी पिकल्या केसांची बाई शेंबड्या पोरांबरोबर अंगणात उभी असते. पोरं मला 'अंगणातली मावशी' म्हणतात. मी खिशात गोळ्या ठेवते. आई चिडवते, "मी मेले की तुला आत यावंच लागेल, तेव्हा बघू काय करतेस." पण तीसुद्धा कधी ये म्हणाली नाही.

दार लागलं की माझे कान त्या दाराकडे असतात. दरवर्षी तिथे टकटक ऐकू येते. पोरांना विचारते, ऐकलंत का? ती नाही म्हणतात आणि गोळी मागतात.

तू मात्र एका वर्षी उठून बाहेर आला नाहीस. एवढा उंच झाला होतास, सगळ्यांदेखत आत उभा राहिलास, बाबांच्या नावानं. आईनं बायका बसतात त्या वरच्या सज्जातून पाहिलं. घरी आल्यावर तिनं तुला विचारलं, "तू काय पाहिलंस? सांग मला." तू भिंतीकडे बघत बसलास. पुढच्या महिन्यात देश सोडलास. मी तुला ओरडून म्हटलं होतं की तू बाबांना मारलंस. ते वाक्य मी परत घेत नाही, दादा, पण ते म्हणणारी तेव्हा लहान होती हे लक्षात ठेव.

छोटी


९ मार्च

दादा,

दुकानात एक बाई आल्या होत्या. शिवणकाम करतात. बोटांवरून कळलंच. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. मला वाटलं, किल्ली करून हवी आहे. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझा भाऊ त्या खोल्यांमध्ये होता."

कारखान्याच्या मालकांची मुलं आयोगापुढे काय सांगताहेत ते त्यांच्याकडून कळलं. कुठल्याच खोल्यांना कुलपं नव्हती, मजूर पैसे उचलून पळून गेले आणि ही हाडं एखाद्या जुन्या स्मशानातली असणार. मजूर त्या दिवशी आपल्या गल्लीत जिवंत होते आणि तिथून त्यांना पकडून नेलं, हे सांगणारं कुणी नाही. माझी साक्ष आहे, पण मी तेव्हा सात वर्षांची आणि पंपामागे. त्यांचा वकील म्हणतो, लहान मुलं काय, काहीही बघतात. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला साक्षी बंद होणार. मग 'पळून गेले' हेच कागदावर राहील. बाईंच्या घरात भावाला अजून चोर म्हणतात. भावाची मुलं चोराची मुलं म्हणून वाढली.

मी चहा केला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि अगदी साधेपणानं, शेजारणीला विचारावं तसं विचारलं, "तुम्ही लोकांनी दार का नाही उघडलं?"

मी म्हणू शकले असते की मी बाहेर होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांनी 'तुम्ही लोकांनी' असं विचारलं होतं. मी त्यातलीच. म्हटलं, "माहीत नाही. विचारून सांगते."

म्हणून अध्यक्षकाकांकडे गेले. आता फार थकलेत, ऐकू कमी येतं. मात्र नको ते सगळं ऐकू येतं. त्या दिवशी दाराजवळच्या बाकावर तेच होते, किल्ली त्यांच्याच कमरेला होती. "अगं, आम्हाला वाटलं मुलं खेळताहेत," म्हणाले. लहानपणापासून ऐकतेय मी हे वाक्य. सगळ्यांच्या तोंडी शब्दही तेच. मी म्हटलं, "काका, तसंच आयोगाला सांगा. निदान टकटक झाली एवढं तरी सांगा." ते म्हणाले, "जुनी मढी उकरू नयेत, पोरी."

"उकरली गेली, काका," मी म्हटलं. "पाया खणताना निघाली. आता काय करायचं ते सांगा."

त्यांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. तिच्यासमोर मी फक्त दुकानाचं बोलते. ती माझ्याकडे बघत राहते आणि म्हणते, "तुझा चेहरा ह्यांच्यासारखा झालाय, खोकला ऐकून आल्यावर झाला होता तसा." आता तूच सांग, या बाईपासून काय लपवायचं?

तू भिंतीवर होतास. गल्ली पाहिलेला तू एकटा आहेस. तू तेव्हा बारा वर्षांचा होतास, तुझ्या साक्षीला वजन येईल. इथे यायची गरज नाही, पडद्यावरूनही बोलता येतं. माझ्यासाठी नको. त्या बाईंसाठी बोल.

छोटी


२२ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. इकडे मी एक उद्योग करून ठेवलाय, तो दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

आपल्याकडे एक जुनी रीत होती, आठवते? ज्याच्यावर अन्याय झालाय आणि कुणी ऐकत नाही, त्यानं ग्रंथाचं वाचन चालू व्हायच्या वेळी उठायचं आणि म्हणायचं, थांबा. त्याचं ऐकल्याशिवाय वाचन पुढे जात नाही. बाबा सांगायचे की त्यांच्या आजोबांनी एकदा पाहिलं होतं. मी कधी पाहिलं नव्हतं. काल करून टाकलं.

ग्रंथाची गुंडाळी पेटीतून काढून मेजावर ठेवली होती. मी सज्जातून उतरले, मधल्या वाटेनं गेले आणि गुंडाळीवर तिचं कापड परत घातलं. कापड वाकडं पडलं. वाचणारे आपले मास्तर बिचारे म्हणाले, "बाई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "मला बोलायचंय. तोपर्यंत वाचायचं नाही."

काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. सगळं विसरले. नुसतीच गेले दारापाशी आणि आतून वाजवलं. टक टक, थांबून टक.

 मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात आपण सगळे टेबलाभोवती बसून म्हणणार, आम्ही गुलाम होतो. दरवर्षी म्हणतो. मुलांना पाठ करून घेतो. त्या दिवशी दाराबाहेर गुलाम उभे होते. सण अजून संपलासुद्धा नव्हता. ज्यांनी ही टकटक ऐकली त्यांनी जाऊन तेवढं सांगा. मला बाकी काही नको. एक बाई आहेत, त्यांच्या भावाला चोर म्हणतात."

अध्यक्षकाका छताकडे बघत होते. तरुण मंडळी, जी तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती, एकमेकांकडे बघत होती. मागून कुणीतरी पुटपुटलं, "आम्हाला वाटलं मुलं..."

तेवढ्यात वरून आईचा आवाज आला.

दादा, आईचा तो आवाज तू कधी ऐकलेला नाहीस. मीही नाही. "मुलं नव्हती ती," ती म्हणाली. "माझा नवरा होता. घरी आल्यावर ते असंच वाजवायचे. किल्ली खिशात असली तरी वाजवायचे. म्हणायचे, आतल्या माणसाला कळू दे कोण आलंय, मग त्यानं ठरवावं. मी ओळखलं. मी उठले. दोन्ही बाजूंच्या बायकांनी माझे हात धरले. म्हणाल्या, बस, तुझी पोरं आहेत. आणि मी बसले."

सज्जाच्या कठड्याला धरून ती उभी होती. "किल्ली होती त्यांच्याकडे. ते आत येऊ शकत होते. पण बाकीच्यांना घेऊन येणं म्हणजे आमच्या सगळ्यांच्या जिवाशी खेळ. तो त्यांनी आम्हाला न विचारता केला नसता. त्यांनी विचारलं. तीनदा विचारलं. आम्ही सगळ्यांनी मिळून उत्तर दिलं."

मग ती खाली बसली आणि तिनं पदर तोंडावर घेतला.

आई आत होती, दादा. तिचे आईवडील आधीच गेलेले, ती आत असणारच, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. मी फक्त हिशोब जुळवला नाही. इतकी वर्षं मी अंगणात उभी राहून त्या दारामागच्या लोकांचा राग राग केला आणि त्यांच्यातल्या एकीच्या हातचं रोज जेवत आले.

मग अध्यक्षकाका उठले. काठी टेकत माझ्यापर्यंत आले. मला वाटलं, बाहेर जा म्हणणार. ते म्हणाले, "उपवासाच्या दिवशी आपण कबुली देतो, ती आठवते? आम्ही लुबाडलं, आम्ही खोटं बोललो, आम्ही कान बंद केले. लहानपणी तू तुझ्या बापाला विचारलं होतंस, मी लुबाडलं नाही तर मी का म्हणू? तो काय म्हणाला होता?"

मला आठवलं. "एकट्यानं म्हणायला जड जातं, म्हणून सगळे मिळून म्हणतात."

"सोमवारी कचेरी किती वाजता उघडते?" काकांनी विचारलं.

घरी आल्यावर मी आईचे गुडघे चेपले.  नंतर ती म्हणाली, "रागावली असशील तर रागाव, पण जेवून रागाव." मी जेवले.

छोटी


५ एप्रिल

दादा,

परवा तू पडद्यावर आलास. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, "पुढचे साक्षीदार", आणि एक टक्कल पडलेला म्हातारा दिसायला लागला. आईनं माझं मनगट धरलं. "किती वाळलाय," म्हणाली, अगदी मोठ्यानं. आयोगाच्या साहेबांनी शांत राहायला सांगितलं, तर त्यांनाच म्हणते, "मुलगा आहे माझा."

साक्षीदाराशी बोलायची परवानगी नव्हती, म्हणून हे लिहितेय. तुझ्या आधी अध्यक्षकाका बोलले होते. त्यांच्यामागे आपल्याकडची सगळी जुनी माणसं ओळीनं उभी होती, काही कुबड्या घेऊन. प्रत्येकानं एकच सांगितलं: ऐकलं, आणि उघडलं नाही. शिवणकामवाल्या बाई पहिल्या रांगेत होत्या. त्या रडल्या नाहीत. प्रत्येक जण बोलून उतरला की त्याच्याकडे बघून मान हलवायच्या, पोच दिल्यासारखी.

मग तू. भिंतीवरून काय दिसलं ते तू सांगितलंस. गल्लीच्या टोकाला ट्रक आडवा लागलेला. वर्दीवाले मजुरांना वर चढवत होते, एकही पळाला नव्हता. अधिकारी बाबांना ओळखत होता, त्याच्या कचेरीची कुलपं बाबांनीच केलेली. "तू जा," तो म्हणाला. "सण आहे ना तुमचा? जा आपल्या माणसांत." बाबांनी वळून प्रार्थनाघराच्या दाराकडे पाहिलं. मग ट्रककडे पाहिलं. आणि कुणी हात न लावता, आपण होऊन वर चढले.

"हे तुम्ही आजवर का सांगितलं नाहीत?" साहेबांनी विचारलं.

तू चष्मा काढलास. "आईला काय सांगणार होतो? की ते घरी येऊ शकत होते?"

आई हसली, दादा. तुला तिकडे दिसलं नसेल. आधी हसली आणि मग रडली. मला म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटत होतं की ते माझ्यावर रागावून गेले. मी उठले आणि परत बसले, ते त्यांना दाराबाहेरून कळलं असेल असं वाटायचं. ते तर कामावर गेले होते. अर्धं काम टाकून यायचा स्वभावच नव्हता ह्यांचा."

पण तुझं शेवटचं बोलणं. ते मी कुणाशीच बोलू शकलेले नाही. तू म्हणालास, ट्रक हलताना बाबांनी तुला भिंतीवर पाहिलं आणि ओरडून सांगितलं, "छोटीला आत ने."

तू उतरलास. पंपामागे येऊन माझ्याजवळ बसलास. माझ्या कानांवर हात ठेवलेस, ते मला आठवतंय. मला वाटलं, लाथेबद्दल माफी मागतोयस. तू साहेबांना सांगितलंस, "ज्या दारानं त्यांना आत घेतलं नाही, त्या दारातून बहिणीला कसा नेऊ? मला जमलं नाही. मग फार उशीर झाला, आणि नंतर तिला हे सांगायला तोंड राहिलं नाही."

म्हणजे बाबांनी सांगितलं होतं. मी सांगेपर्यंत आत जायचं नाही, म्हणाले होते, आणि मग सांगितलं. फक्त ते माझ्यापर्यंत आलं नाही. मी इकडे अंगणात उभी, आणि निरोप तुझ्याकडे, समुद्रापलीकडे.

मी तुझ्यावर खूप चिडले. दोन दिवस दुकान उघडलं नाही. काल संध्याकाळी अंगणात जाऊन पंपाजवळ बसले. भिंत पाहिली. किती ठेंगणी आहे रे ती! तेव्हा केवढी वाटायची. त्या भिंतीवर बारा वर्षांचा पोरगा बसलेला डोळ्यांसमोर आला आणि माझा राग राहिला नाही. वाईट वाटलं. तुला कुणी आत नेलं? तुझ्या कानांवर कुणी हात ठेवले?

आता बातमी. हाडं बाबांची आहेत, म्हणजे बाबाही त्यांत आहेत. वेगळी काढायची तर बरेच महिने लागतील, आणि सगळी निघतीलच असं नाही. कमिटीनं आईला विचारलं. आई म्हणाली, "ज्यांच्याबरोबर चढले त्यांच्याबरोबर राहू देत." मग प्रश्न आला की कुठे. सगळ्यांना एकत्र आपल्या कबरस्तानात कसं घेणार, नियम आहेत, वगैरे. अध्यक्षकाका म्हणाले, "बेवारस मढं सापडलं तर मोठ्यातल्या मोठ्या धर्मगुरूनंही सगळं सोडून ते पुरावं, हाही नियमच आहे. आणि एकदा दार उघडलं नाही तेवढं पुरे." मजुरांच्या घरच्यांना विचारायला मी आणि शिवणकामवाल्या बाई मिळून फिरतोय. काहींना आपलं माणूस गावी न्यायचंय, काही हो म्हणाले. बाई म्हणाल्या, "भाऊ तुमच्या वडिलांशेजारी राहिला तर मला चालेल. त्याला कुलपाची भीती वाटायची."

पुढच्या आठवड्यात सुटकेच्या सणाचा शेवटचा दिवस आहे. या वर्षी आठवणीच्या प्रार्थनेत बाबांचं नाव घेतलं जाईल, आणि मजुरांची जेवढी कळली आहेत तेवढी नावं. मोठं दार उघडं ठेवायचं ठरलंय. मास्तर म्हणाले, मुलांचा गोंगाट होईल. होऊ दे म्हटलं.

आयोगानं बाबांची किल्ली मला परत दिली. तेलात भिजवून साफ केली. लावून पाहिली. लागते. कुलूप इतकं हलकं फिरलं की मला दाराला डोकं टेकून उभं राहावं लागलं.

पण मी अजून आत गेले नाही. आई म्हणाली, "आता तर कळलं, ये की." मी म्हटलं, मला नुसतं कळलंय. ते काम बाबांनी दुसऱ्याला सांगितलं होतं.

हे पत्र जलद टपालानं टाकतेय, तेव्हा तिकिटाचं बघ. गुडघे दुखत असतील तर आईकडे तेल आहे. मी त्या दिवशी पोरांबरोबर बाहेर येईन, पंपाजवळ थांबेन. फाटक उघडंच असेल, तू वाजवू नकोस.

ये, दादा. मला आत ने.

छोटी